‘पाठवा’ दाबल्यावर नेमके काय जाते?

गणपती उठले की वाचनालयांत दिवाळी अंक योजनेची लगबग सुरू होते. वर्गणी भरायची आणि पुढचे दोन-तीन महिने अंक आलटूनपालटून घरी न्यायचे, अशी ही जुनी पद्धत. पूर्वी काउंटरवर छापील अर्ज भरून घेत, आता बऱ्याच ठिकाणी वेबसाइटवर फॉर्म असतो. समजा, अशाच एका वाचनालयाने हौसेने फॉर्म तयार करून घेतला. चाळीस सभासदांनी तो भरला, प्रत्येकाला ‘धन्यवाद’ असे पान दिसले. ग्रंथपालांनी यादी उघडली तर नावे आहेत, पत्ते आहेत, मोबाइल नंबरचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा.

अशा वेळी संशय आधी नेटवर जातो, मग सर्व्हरवर, मग डेटाबेसवर आणि शेवटी सभासदांवर. ‘लोक नंबर भरतच नाहीत हो!’ खरे कारण बरेचदा एका शब्दाएवढे असते. नंबरच्या चौकटीच्या टॅगमध्ये ‘नेम’ हे अ‍ॅट्रिब्यूट लिहायचे राहून गेलेले असते. चौकट पडद्यावर दिसते, तिच्यात टाइप करता येते, ती सक्तीची केली असेल आणि रिकामी ठेवली तर ब्राउझर अडवतोसुद्धा. पण बटण दाबले की ब्राउझर फक्त ‘नेम’ असलेले रकाने गोळा करतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. चूक झाल्याचा संदेश नाही की इशारा नाही.

एचटीएमएल नव्याने शिकणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण एकाच चौकटीला तीन नावे चिकटलेली असतात. ‘लेबल’ म्हणजे चौकटीशेजारी दिसणारा मजकूर. तो भरणाऱ्यासाठी असतो. ‘आयडी’ पानाच्या आतल्या कामांसाठी असतो. लेबल कोणत्या चौकटीचे हे त्यावरून ठरते, जावास्क्रिप्टला चौकट त्यावरून सापडते. सर्व्हरकडे मात्र जाते ते फक्त ‘नेम’. लेबलवर ‘मोबाइल क्रमांक’ असे ठळक छापले म्हणून सर्व्हरला त्याचा पत्ता लागत नाही. फॉर्म तपासताना म्हणून रंगसंगती नंतर पाहावी, आधी प्रत्येक चौकटीला ‘नेम’ आहे का ते मोजावे.

ही व्यवस्था आजची नाही. टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनली यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० चा मसुदा आरएफसी १८६६ या क्रमांकाने प्रसिद्ध केला. फॉर्म, त्याचे ‘अ‍ॅक्शन’ आणि ‘मेथड’, चौकटींची नाव-मूल्य अशी जोडी हे सगळे त्यात आहे. त्यानंतर वेब किती बदलले! फॉर्मची मूळ रीत मात्र तीच राहिली. ‘अ‍ॅक्शन’मध्ये माहिती कुठे पाठवायची तो पत्ता लिहायचा, ‘मेथड’मध्ये कशी पाठवायची ते सांगायचे. अ‍ॅक्शन दिलेच नाही तर माहिती त्याच पानाच्या पत्त्यावर जाते. मेथड दिली नाही तर ‘गेट’ धरली जाते, आणि या दुसऱ्या गोष्टीने अनेकांना फटका दिलेला आहे.

आता सभासदाने ‘पाठवा’ दाबले असे धरू. गावाची चौकट आहे, मुदतीचे रेडिओ बटण आहे, ‘अंक घरपोच हवेत’ असा चेकबॉक्स आहे. ब्राउझर जे तयार करतो ते साधारण असे दिसते: गाव=पुणे&मुदत=३&घरपोच=हो. जोड्यांची एक माळ, मध्ये अँपरसँड. बस्स, एवढेच. चौकट कुठे होती, कोणत्या क्रमाने भरली, लेबलवर काय लिहिले होते, यातले काही सोबत जात नाही.

जे जात नाही त्याची जाण असणे जास्त गरजेचे. चेकबॉक्सवर खूण नसेल तर ब्राउझर ‘घरपोच=नाही’ असे पाठवत नाही. तो घरपोचचे नावच काढत नाही. सर्व्हरवरचा प्रोग्राम ‘नाही’ची वाट पाहत बसला तर बसून राहील. खूण असेल पण ‘व्हॅल्यू’ दिलेली नसेल, तर मूल्य म्हणून ‘ऑन’ हा शब्द जातो, आणि यादीत ‘ऑन, ऑन, ऑन’ वाचून ग्रंथपाल बुचकळ्यात पडतात. आवडीचे अंक निवडण्यासाठी एकाच नावाचे दहा चेकबॉक्स ठेवले आणि सभासदाने चारांवर खूण केली, तर तेच नाव चार वेळा जाते. पीएचपीत त्या नावापुढे चौकटी कंस लावले नाहीत तर हाती फक्त शेवटचा अंक लागतो. पहिले तीन येऊनही हरवतात.

‘डिसेबल्ड’ आणि ‘रीडओन्ली’ यांतला फरकही असाच. वर्गणीची रक्कम सभासदाने बदलू नये म्हणून ती चौकट डिसेबल्ड केली, तर ती रक्कम पाठवलीच जात नाही. रीडओन्ली केली तर जाते. पण मुळात रक्कम फॉर्ममधून घेणेच चुकीचे. रीडओन्ली असो की पडद्यावर न दिसणारी ‘हिडन’ चौकट असो, ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स उघडून कोणीही तिच्यातला आकडा बदलू शकतो. पाचशेची वर्गणी पाच रुपये करायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. किती पैसे घ्यायचे ते मुदत पाहून सर्व्हरनेच ठरवावे.

तारखेच्या चौकटीची गंमत वेगळीच. पडद्यावर १५/०८/२०२५ असे दिसते, कारण ब्राउझर भरणाऱ्याच्या सोयीची मांडणी दाखवतो. सर्व्हरकडे जाते ते २०२५-०८-१५, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. दिसते तेच जाते असे समजून प्रोग्राम लिहिला की वाढदिवस उलटेपालटे होतात.

बटणांविषयीही थोडे. फॉर्मच्या आतल्या ‘बटन’ टॅगला प्रकार दिला नाही तर ते आपोआप सबमिटचे बटण बनते. ‘यादी पुसा’ किंवा ‘नकाशा दाखवा’ असे निरुपद्रवी वाटणारे बटण दाबताच अर्धवट फॉर्म रवाना होतो तो त्यामुळे. त्यात एंटर कळीची भर. चौकटीत टाइप करता करता एंटर दाबली की ब्राउझर फॉर्ममधले पहिले सबमिट बटण दाबल्याचे मानतो. पहिले बटण ‘रद्द करा’ असेल तर पुढचे सांगायला नको. साध्या बटणाला प्रकार म्हणून ‘बटन’ असे स्पष्ट लिहावे. शिवाय सबमिट बटणे अनेक असली तरी ज्यावर बोट पडले त्याचेच नाव-मूल्य सोबत जाते. ‘मसुदा जपा’ आणि ‘अंतिम पाठवा’ यांतले काय दाबले हे सर्व्हरला त्यावरूनच कळते.

‘गेट’ की ‘पोस्ट’, हा प्रश्न मुलाखतीत विचारला जातो आणि उत्तरही पाठ असते: गेटमध्ये माहिती पत्त्यात दिसते, पोस्टमध्ये दिसत नाही. उत्तर खरे आहे, पण अपुरे. गेटमध्ये जोड्यांची माळ पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर चिकटते. गूगलवर काही शोधले की पत्त्याच्या पट्टीत शोधलेला शब्द दिसतो तो याच कारणाने, आणि ते सोयीचेच आहे. तो पत्ता जपून ठेवता येतो, मित्राला पाठवता येतो. वाचनालयाच्या ग्रंथसूचीत पुस्तक शोधण्याचा फॉर्म गेटचाच असावा. पण सभासदाचा पासवर्ड गेटने पाठवला तर तो ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो, आणि मागे उभ्या असलेल्या माणसालाही दिसतो.

पोस्ट म्हणजे गुप्त, असा मात्र समज नको. पोस्टमध्ये माळ पत्त्याऐवजी विनंतीच्या पोटात जाते, इतकेच. एचटीटीपीएस नसेल तर वाटेत कोणीही ती वाचू शकतो.

खरी विभागणी दिसण्या-न-दिसण्याची नाही. गेट म्हणजे ‘मला दाखव’, पोस्ट म्हणजे ‘हे कर’. गेटच्या विनंतीने सर्व्हरवर काही बदलू नये, असा वेबचा करार आहे. तो मोडला की काय होते, हे मे २००५ मध्ये दिसले. गूगलने ‘वेब अ‍ॅक्सिलरेटर’ नावाचे साधन काढले. पाने चटकन उघडावीत म्हणून ते पानावरच्या दुव्यांवर आधीच जाऊन मजकूर आणून ठेवी. काही वेबसाइटींनी ‘पुसून टाका’ हे काम साध्या दुव्यावर, म्हणजे गेटवर ठेवलेले होते. साधन इमानेइतबारे त्या दुव्यांवरही गेले, आणि ‘बॅकपॅक’सारख्या सेवा वापरणाऱ्यांचा मजकूर त्यांनी काही न करता पुसला जाऊ लागला. साधनाने आगाऊपणा केला हे खरे, पण दोष दुवे तसे लिहिणाऱ्यांच्या पदरीही पडतो. सभासदत्व रद्द करणे, नोंद काढणे, पैसे भरणे ही कामे पोस्टनेच व्हावीत.

गेटचे आणखी एक विस्मरणात जाणारे वागणे असे: अ‍ॅक्शनच्या पत्त्यात आधीपासून प्रश्नचिन्ह आणि त्यामागे ‘वर्ष=२०२५’ असे काही लिहिलेले असेल, तर गेटचा फॉर्म ते पुसून तिथे स्वतःची माळ लावतो. वर्ष सोबत हवे असेल तर ते हिडन चौकटीत ठेवावे.

मराठी फॉर्मच्या बाबतीत या माळेत आणखी एक पदर आहे. अँपरसँड, बरोबरचे चिन्ह, रोमनेतर अक्षरे ही माळेत तशीच ठेवता येत नाहीत. ब्राउझर त्यांचे बाइट मोजतो आणि प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचे चिन्ह व दोन अंक-अक्षरे लिहितो. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, म्हणजे माळेत नऊ अक्षरांचे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे. त्यामुळे ‘पुणे’ या शब्दाची छत्तीस अक्षरे होतात आणि ‘कोल्हापूर’ची ८१. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पत्त्याची कमाल लांबी २,०८३ अक्षरे होती. देवनागरीच्या हिशोबाने सुमारे २३० चिन्हे, म्हणजे एक बेताचा परिच्छेदही नाही. तो ब्राउझर आता इतिहासजमा झाला, पण पत्त्याच्या लांबीला कुठे ना कुठे मर्यादा असतेच. सूचना, तक्रार, पुस्तक-अभिप्राय असा मोकळा मजकूर घ्यायचा तर पोस्टच.

रिकामी जागा अधिकच्या चिन्हाने दाखवली जाते आणि खरे अधिकचे चिन्ह टक्क्याच्या रूपात जाते. फॉर्म हे आपण होऊन करतो. हाताने दुवा लिहिताना मात्र लोक फसतात. पत्त्याच्या शेवटी मोबाइल नंबर ‘+९१’ने सुरू करून चिकटवला की सर्व्हर त्या अधिकच्या जागी रिकामी जागा वाचतो, आणि नंबर बाद ठरतो.

‘यादीत नावांऐवजी प्रश्नचिन्हे येतात’ ही तक्रारही जुनीच. बहुतेकदा ब्राउझर निर्दोष असतो. पानाच्या सुरुवातीला अक्षरसंच युटीएफ-८ असल्याचे सांगितले की माळ बिनचूक तयार होते. घोळ पुढे, डेटाबेसच्या दारात होतो. तक्ता जुन्या लॅटिन अक्षरसंचाचा असेल तर ‘सांगली’ची प्रश्नचिन्हे होतात, आणि ती परत सांगली होत नाहीत. मायएसक्यूएलमध्ये ‘युटीएफ८एमबी४’ निवडावे. त्याच्या जुन्या ‘युटीएफ८’मध्ये तीन बाइटपर्यंतच जागा असल्याने मराठी मावते, पण चार बाइटची इमोजी अडकते. हल्ली अभिप्रायाखाली हात जोडल्याची इमोजी टाकल्याशिवाय कोणाचे समाधान होत नाही, तेव्हा हा तपशील हसण्यावारी नेऊ नये.

फाइल जोडायची असेल, म्हणजे सभासदाचा फोटो किंवा पत्त्याचा पुरावा, तर ही माळ पुरत नाही. नोव्हेंबर १९९५ मध्येच झेरॉक्सच्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी आरएफसी १८६७ मध्ये त्यावर उपाय मांडला. फॉर्मला ‘एनकटाइप’ द्यायचा तो ‘मल्टिपार्ट फॉर्म-डेटा’. मग ब्राउझर माळ ओवत नाही. एक वेगळी खुणेची ओळ ठरवतो आणि प्रत्येक रकाना त्या ओळीने विभागून, जणू वेगवेगळ्या पाकिटांत घालून पाठवतो. फाइल आपल्या मूळ बाइटांत जाते. एनकटाइप विसरले तर फाइलऐवजी फक्त तिचे नाव पोचते. सभासद म्हणतो फोटो जोडला, ग्रंथपाल म्हणतात नुसते नावच आले. दोघेही खरेच बोलत असतात.

पुढे आकाराची अडचण. पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलला दोन मेगाबाइट आणि पोस्टच्या सगळ्या ऐवजाला आठ. एन्जिनएक्स सर्व्हर तर मूळ सेटिंगमध्ये एक मेगाबाइटच्या वरची विनंती ४१३ क्रमांक दाखवून परत लावतो. मोबाइलने काढलेला साधा फोटो याहून सहज मोठा निघतो. पोस्टची मर्यादा ओलांडली की पीएचपी फाइलच नाही, नाव-पत्त्यासकट सगळेच रकाने रिकामे दाखवते. ‘फोटो जोडला की बाकीची माहितीही जाते’ अशा गूढ तक्रारीचा उगम इथे असतो. मर्यादा वाढवावी, आणि किती मोठा फोटो चालेल ते चौकटीशेजारी लिहावे.

ब्राउझरमधल्या तपासण्या भरणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. सक्तीचा रकाना, ईमेलचा प्रकार, ‘पॅटर्न’ या सगळ्यांनी चूक लगेच दिसते, सभासदाचा वेळ वाचतो. पण त्या ओलांडून थेट सर्व्हरला हवे ते पाठवणे सोपे आहे, म्हणून हीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा हवी. दोन्ही ठिकाणी नियम माणसांना झेपतील असे असावेत. मोबाइल नंबर आणि पिनकोड हे आकड्यांनी लिहिलेले असले तरी ‘नंबर’ प्रकारच्या चौकटीत घेऊ नयेत. त्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. त्या चौकटीत माउसच्या चाकाने आकडा नकळत बदलू शकतो, शिवाय घातांकासाठीचे ‘ई’ अक्षरही तिला चालते. ब्रिटनच्या सरकारी सेवांच्या फॉर्मची मांडणी ठरवणाऱ्या चमूने २०२० मध्ये ‘नंबर’ सोडून साध्या मजकुराची चौकट आणि ‘इनपुटमोड’ने आकड्यांचा कळफलक, असा बदल सुचवला. मोबाइलसाठी ‘टेल’ हा प्रकार आहेच.

कोणी नंबर मध्ये जागा सोडून लिहितो, कोणी पिनकोड तीन-तीन आकड्यांत तोडतो. त्यांना दटावण्यापेक्षा सर्व्हरने जागा काढून टाकाव्यात. मराठी कळफलकावरून कोणी देवनागरी आकडे लिहिले तर? शून्य ते नऊ असे इंग्रजी आकडेच चालतील असा पॅटर्न लावला असेल तर ब्राउझर तो नंबर चुकीचा ठरवतो. जावास्क्रिप्टची आकडे ओळखण्याची खूणही देवनागरी आकडे ओळखत नाही. पायथनला मात्र ते आकडे कळतात. ‘१२३’ हा देवनागरी मजकूर दिला तर तो एकशे तेवीस हीच संख्या काढतो. मराठी माणसांसाठीच्या फॉर्ममध्ये मराठी आकडा चूक ठरावा हे विचित्रच. दहा चिन्हांची अदलाबदल करणारी एक ओळ सर्व्हरवर लिहिली की भागते.

माहिती नोंदवून झाल्यावर सर्व्हरने तिथेच ‘धन्यवाद’ पान दाखवले तर सभासद ते रिफ्रेश करतो, ब्राउझर ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का?’ असे विचारतो, सभासद घाईने होय म्हणतो आणि एकाच घरात दोन वर्गण्या नोंदल्या जातात. नोंद झाल्यावर सर्व्हरने ३०३ क्रमांकाचे उत्तर देऊन ब्राउझरला धन्यवादाच्या वेगळ्या पत्त्यावर धाडावे. मग रिफ्रेश कितीही वेळा केले तरी फक्त तेच पान पुन्हा येते. नेट मंद असताना बटण दोनदा दाबणाऱ्यांसाठी प्रत्येक फॉर्ममध्ये एकदाच चालणारा टोकन ठेवावा. दुसऱ्या वेबसाइटवरून सभासदाच्या नावाने चोरून फॉर्म पाठवण्याचा प्रकार रोखायलाही टोकनच लागतो. जँगो, लाराव्हेल यांसारख्या फ्रेमवर्कमध्ये त्याची तयार सोय आहे, ती ‘अडचण होते’ म्हणून बंद करू नये.

या सगळ्याचा छडा लावायला महागडे साधन लागत नाही. संगणकावर क्रोममध्ये एफ-१२ कळ दाबावी, ‘नेटवर्क’ हा भाग उघडावा, पान बदलले तरी नोंद टिकावी म्हणून ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करावी आणि फॉर्म पाठवावा. आलेल्या ओळींतली पहिली निवडून ‘पेलोड’ पाहिले की पाठवलेली जोडी न् जोडी समोर येते. तिथे मोबाइल दिसत नसेल तर दोष फॉर्मात आहे. तिथे दिसतो पण यादीत नसेल तर सर्व्हरकडे जावे. या दोन मिनिटांनी वाद मिटतात.

आणि फॉर्म लोकांपुढे ठेवण्याआधी तो स्वतः चार-सहा वेळा वाकडातिकडा भरून पाहा. एकदा सगळे देवनागरीत, आकड्यांसकट. एकदा रोमनमध्ये, गोव्या-वसईकडचे डिसूझा आडनाव घालून, कारण त्यात डी या अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफी येते आणि एसक्यूएलची वाक्ये हाताने जोडणारा प्रोग्राम नेमका तिथे कोसळतो. एकदा पत्त्यात अँपरसँड आणि तीन ओळी, एकदा एकही खूण न करता, एकदा आठ मेगाबाइटहून मोठा फोटो जोडून, एकदा एंटर दाबून. प्रत्येक वेळी यादीत आलेली ओळ भरलेल्या फॉर्मशी ताडा. सगळ्या ओळी जुळल्या की मगच फॉर्मचा दुवा सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका.